पानाच्या डोक्यावर भरतीची वेळ

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. काकू एक्याऐंशीच्या. दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्याचा जिना अजून लाकडी आहे. तो उतरायला आम्हाला चांगली पंधरा मिनिटं लागली, कारण प्रत्येक पायरीवर काकू थांबायच्या, कठडा चाचपायच्या आणि मग पुढचं पाऊल टाकायच्या. खांद्याला जुन्या पातळाची शिवलेली पिशवी, तिच्यात चार फायली. साखरेची एक, गुडघ्यांची एक, हृदयाची एक आणि चौथी कशाची ते काकूंनाही आठवत नव्हतं, पण "असू दे, मागितली तर?" म्हणून घेतलेली. तक्रार एकच होती. दहा दिवसांपासून अंथरुणातून उठताना तोल जात होता. पहिल्या खिडकीने कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कानाच्या डॉक्टरांनी डोळ्यांकडे, तिथून हाडांच्या विभागाची चिठ्ठी मिळाली. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी रांग, औषधांच्या वासात मिसळलेला फिनाइलचा वास. चौथ्या खिडकीतल्या मुलीच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. तिने फायली चाळल्या, चाळून हलकेच परत सरकवल्या आणि म्हणाली, "माजी, आ अमारामां न आवे."

हे आमच्यात येत नाही.

काकूंनी मान डोलावली, जणू चूक त्यांचीच होती. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना. रात्री गादीवर पडल्यावर कळलं की ते वाक्य मला का टोचतंय. माझ्या नोकरीची सुरुवातीची जी तीन वर्षं मला अजून स्वप्नात दिसतात, त्या तीन वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. तिथे ते म्हणायची सोयच नव्हती.

तेव्हा मी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, १९९५ ते १९९८. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेली, दांडिया बाजार आणि रावपुरा यांपलीकडे फारसं जग न पाहिलेली मी. केंद्राच्या ताब्यात किनाऱ्यावरची गावं होतीच, शिवाय खाडीपलीकडचं एक बेटही होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं अजून तिथेच आहेत. बदलीचा कागद आला तेव्हा घरात आजोबांची आठवण निघाली. ते गायकवाडी नोकरीत होते आणि त्यांच्या काळी ओखामंडळची बदली म्हणजे घरात दोन दिवस चूल नीट पेटायची नाही. द्वारका, ओखा, बेट हा सगळा मुलूख बडोदे संस्थानचा, पण तिथे पोचायचं तर वाटेत इतरांची राज्यं ओलांडत जावं लागे. संस्थानचा जुना नकाशा आमच्या माजघरात टांगलेला होता. लहानपणी मी तो पाहायचे तेव्हा वाटायचं की शाई सांडून ठिपके पडलेत. कडी इकडे, नवसारी तिकडे, अमरेली तर काठेवाडात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली, आणि पार टोकाला ओखामंडळ. १९२६ साली महाराजांनी ओख्याला बंदर उभं केलं, त्या गोष्टी आजोबा फार अभिमानाने सांगत. बेटांचं राज्य चालवणं म्हणजे काय, हा प्रश्न बडोदेकरांना तसा परका नाही.

बेटावर उपकेंद्र होतं: दोन खोल्या, पत्र्याचा पडवीवजा पुढचा भाग आणि खाऱ्या वाऱ्याने पोपडे निघालेली भिंत. तिथे एक नर्सबेन राहायच्या. जामनगरकडच्या, वय पस्तिशीच्या आसपास, बरोबर शाळेत जाणारी मुलगी. सरकारी भाषेत त्या 'बहुउद्देशीय' कार्यकर्ती होत्या. हा शब्द करतारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालातून आला. त्याआधी मलेरियाचा माणूस वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंब नियोजनवाला वेगळा. एकाच घराच्या उंबऱ्यावर महिन्याभरात चारजण येऊन जायचे आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसायचं. समितीने म्हटलं, घर एक तर माणूसही एकच असू द्या. कागदावर हे झालं. पण वर जिल्ह्यात विभाग वेगळेच राहिले. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, बैठकीचा वार वेगळा, तपासणीला येणारे साहेब वेगळे. खाली एकच बाई आणि तिच्या टेबलावर रजिस्टरांची थप्पी.

ही रजिस्टरं नर्सबेन रात्री कंदिलाजवळ बसून भरत. दिवसा त्यांच्या काखेत असायची ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी, दिवाळीला व्यापारी पूजतात तसली. ती त्यांनी पदरच्या पैशाने आणलेली. एका बाजूने उघडली की रोजमेळ आणि उलटी करून उघडली की खातावणी. खातावणीत रोगाप्रमाणे पानं नव्हती, घराप्रमाणे होती. एका पानावर एक घर. त्या घरातली आजी रात्री खोकते, सून सातव्या महिन्यात, धाकट्याचा डीपीटीचा तिसरा डोस राहिला, नवरा ट्रॉलरवर, वीस दिवसांनी येईल, टाक्यातल्या पाण्यात क्लोरीन टाकलं अमुक तारखेला. तोच नवरा टीबीच्या गोळ्या घेत असेल तर त्याच्या ट्रॉलरच्या टंडेलचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, नावही तिथेच. कारण गोळ्यांची डबी टंडेलकडे द्यायची आणि त्याने समुद्रात रोज त्याला समोर बसवून गिळायला लावायच्या. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. माणूस वीस दिवस पाण्यावर असेल तर गोळीही पाण्यावर गेली पाहिजे, एवढंच.

रोजमेळाच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर, तारखेच्याही आधी, भरतीची वेळ लिहिलेली असायची.

मला आधी हे नुसतं कौतुकाचं वाटलं. मग एका पावसाळ्यात कळलं. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. खारवे, म्हणजे तिथले दर्यावर्दी, तिथीवरून तोंडी हिशेब करतात, घड्याळ लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. भांगाच्या दिवसांत भरती आली तरी खाडीच्या तोंडाशी होडी तरंगेल इतकं पाणी चढेलच असं नाही. म्हणजे कोणाला पलीकडे न्यायचं असेल तर 'केव्हाही' असा शब्दच नाही. दिवसातून दोनदा दार उघडतं आणि काही तासांनी बंद होतं. लसीकरणाचा दिवसही भरती बघूनच ठरायचा. लस आमच्या केंद्रातून थंड पेटीत जायची, कारण बेटावरच्या विजेचा भरवसा नव्हता, आणि उरलेली संध्याकाळच्या पाण्याबरोबर परत यायची. पोलिओची लस उष्णतेने मरते, उलट डीपीटी आणि धनुर्वाताची लस गोठली तर वाया जाते. त्यामुळे बर्फाच्या पिशव्या थेट फ्रीजरमधून काढून पेटीत घालायच्या नाहीत. नर्सबेन एकेक पिशवी कानाजवळ धरून हलवायच्या. आत पाणी खळखळलं की मगच पेटीत. होडीच्या इंजिनाच्या धडधडीत, डिझेलच्या वासात, डोक्यावरून पदर घेतलेली ती बाई बर्फाच्या पिशवीला कान लावून बसलेली मी कितीदा पाहिली असेल.

त्या रात्रीबद्दल मी फार कमी वेळा बोलले आहे. बाळंतपण बेटावरच झालं, मूल रडलं, आणि नंतर रक्त थांबेना. निरोप घेऊन एक पोरगा मासे पकडायच्या छोट्या पडावातून आला, कारण ओहोटीच्या उथळ पाण्यात तेवढंच चालू शकत होतं. मोठी होडी चिखलात बसलेली. पाणी चढायला अडीच तास होते. मी जेट्टीच्या अलीकडच्या टोकाला जीप उभी केली, दिवे समुद्राकडे लावून, म्हणजे टंडेलला नेमकं कुठे लावायचं ते दिसेल. बाकी मला करण्यासारखं काहीच नव्हतं. पलीकडे नर्सबेनने मडक्याच्या आडोशाला थंड ठेवलेली, गर्भाशय आवळून रक्त थांबवणारी मेथर्जिनची सुई दिली होती, आणि मग एक मूठ आतून व दुसरा हात पोटावरून असं गर्भाशय दाबून धरलं होतं. पुस्तकात हे चार ओळींत आहे. तिने ते अडीच तास केलं. अधूनमधून सासूला सांगून स्वतःच्या हाताला घाम पुसवून घेतला. होडी दिव्यांच्या उजेडात आली तेव्हा तिचा हात तसाच होता, आणि बाई जिवंत होती. मी जीपमध्ये मागे बसले तर तिने डोळ्यांनी खुणावलं, आता तू धर. माझ्या हाताखाली ते गर्भाशय लिंबासारखं घट्ट लागलं तेव्हा मला रडू फुटलं होतं.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या संशोधकांनी बाळंतिणींच्या मृत्यूमागचे तीन उशीर मांडले: जायचं ठरवायला होणारा उशीर, पोचायला होणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. मी पुढे विद्यार्थ्यांना हे फळ्यावर लिहून शिकवलं. शिकवताना प्रत्येक वेळी दुसऱ्या उशिरापाशी माझा खडू थांबायचा. बेटावर त्या उशिराच्या पोटात चंद्र असतो. त्याला कोणी नोटीस देऊ शकत नाही. म्हणून उरलेले दोन इतके कमी करायचे की पाण्याची वाट बघण्याएवढा जीव शिल्लक राहील. ते करायचं तर घरातल्यांचा आधीपासून भरवसा हवा, होडीवाला ओळखीचा हवा, सुई थंड हवी आणि हात सरावलेला हवा. यातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या साहेबाच्या अखत्यारीतली. जमून येतात त्या फक्त त्या लाल चोपडीत.

९ जून १९९८ चं वादळ पोरबंदरजवळ किनाऱ्यावर आलं आणि कांडल्यापर्यंत हाहाकार करत गेलं, ते आमच्या पिढीतल्या कोणी विसरणार नाही. रेडिओवर इशारे सुरू झाले तेव्हा नर्सबेनने चोपडी उलटी करून खातावणी काढली. दिवस भरत आलेल्या तीन बाया, पक्षाघाताने पडून असलेला एक म्हातारा, एक दम्याचा पोरगा, आणि ज्यांचं छप्पर पत्र्याचंही नाही अशी घरं. सगळं तिला तासाभरात सापडलं, कारण सगळं घराच्या पानावर होतं. सकाळच्या भरतीला ती माणसं अलीकडे आली. मी त्या बायांना केंद्राच्या व्हरांड्यात गाद्या टाकून दिल्या. एकीने तर वाऱ्याच्या त्या भयंकर आवाजातच मुलीला जन्म दिला. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं तेव्हा टीव्हीवर किनाऱ्यावरच्या गरोदर बायांना आधीच दवाखान्यात हलवताना दाखवत होते. मी एकटीच बैठकीत बसून पाहत होते आणि मला फार बरं वाटलं. पंचवीस वर्षांनी का होईना, चोपडीतली गोष्ट राज्याच्या कामात आली होती.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला वेळ लागला.

वादळाच्या आधीच्या वर्षी नर्सबेनने बदलीचा अर्ज दिला होता. मुलगी मोठी होत होती, बेटावर पुढची शाळा नव्हती. अर्ज माझ्या शेऱ्यासह वर जायचा होता. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. सात महिने ठेवला. ती गेली तर तिथे कोण जाईल, हा प्रश्न खरा होता. जायला कोणी तयार नव्हतं हेही खरं होतं. पण मी तिला तसं सांगितलं नाही. ती विचारायची तेव्हा "बघते" म्हणायचे. त्याच काळात एका शिबिरात सहज तिचा रक्तदाब मोजला तर १८० वर ११० निघाला. बेटावरच्या प्रत्येक घराचं पान त्या चोपडीत होतं, आणि उपकेंद्राच्या दोन खोल्यांचं नव्हतं. मी तिला गोळ्या दिल्या आणि त्या संध्याकाळी अर्ज खणातून काढून शेरा लिहिला. बदली मात्र माझ्या तिथून जाण्यानंतर झाली. एकत्रित सेवा, एकात्मिक आरोग्य असे शब्द मी पुढे अनेक वर्षं व्याख्यानांत वापरले, आणि दरवेळी मला तो खण आठवला. विभाग एकत्र आले नव्हते. ते सगळे एका बाईच्या पाठीवर येऊन बसले होते, आणि ती उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी दार धरून उभी होते.

म्हणूनच पुढे वाचनात स्कॉटलंडच्या बेटांची हकिगत आली तेव्हा मी ती हावरटासारखी वाचली. १९१२ मध्ये तिथे ड्यूअर समितीने डोंगराळ भाग आणि बेटांवरची दुरवस्था मांडली आणि १९१३ पासून सरकारी पैशातून तिथली वैद्यकीय सेवा सुरू झाली, ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या पस्तीस वर्षं आधी. त्यातली मला भिडलेली गोष्ट अगदी साधी आहे. डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी दिली, प्रवासाचा खर्च सरकारने उचलला, आणि रोगी कितीही लांब राहात असला तरी फी तेवढीच. अंतराचं ओझं रोग्यावरही नाही आणि डॉक्टरवरही नाही. नर्सेससाठी पैसे होते. १९३३ मध्ये आयला बेटावरच्या एका कोळ्याला विमानाने ग्लासगोकडे हलवलं, ती तिथल्या हवाई रुग्णसेवेची सुरुवात. तरीही १९३० च्या २९ ऑगस्टला सेंट किल्डा बेटावरची उरलेली ३६ माणसं बेट कायमचं सोडून गेली. सरकारकडे तसा अर्ज करताना त्यांना मदत करणारी तिथली नर्सच होती. त्या नर्सचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. ज्यांची सेवा करायला आली, त्यांना तिने सांगितलं असेल का, की आता इथे तुम्हाला जगवणं आमच्या आवाक्यात नाही? सांगताना तिला काय वाटलं असेल? अलीकडे २०१४ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये आरोग्य खातं आणि म्हाताऱ्या-अपंगांची देखभाल करणारी स्थानिक पालिका यांना एकत्र नियोजन करावं लागतं. घरातल्या म्हातारीला इंजेक्शन देणारी आणि तिला अंघोळ घालणारी यांचा हिशेब एका टेबलावर. शंभर वर्षं लागली, पण शेवटी त्यांनी कायद्यात लिहिलं ते तेच, जे खातावणीच्या पानावर होतं.

आपल्याकडेही प्रयत्न कमी नाहीत. आसामात ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटांवर २००५ पासून बोटीतले दवाखाने फिरतात. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांवरून अवघड रोगी हेलिकॉप्टरने कोचीला नेतात. आणि आमच्या बडोदेकरांच्या ओळखीचं बेट द्वारका तर २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतूने जोडलं गेलं. वाड्यातली मंडळी यात्रेहून आली ती पुलाचे फोटो दाखवत. मीही ते पुन्हा पुन्हा पाहिले. जिथे जिथे पूल होईल तिथे तो व्हावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. जीपचे दिवे लावून पाण्याकडे बघत बसण्याची वेळ कुठल्याच डॉक्टरवर येऊ नये. पण काकूंच्या घरापासून दवाखान्यापर्यंत पाणी नव्हतं. डांबरी रस्ता होता, रिक्षा होती.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या चारही फायली जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी दिली होती. साखरेच्या डॉक्टरांनीही दिली होती. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच. काकू दोन महिने रोज दोन्ही घेत होत्या आणि सकाळी उठून उभं राहिलं की रक्तदाब खाली घसरत होता. चौथी फाइल निघाली ती सात वर्षांपूर्वीच्या एका चक्करीची. मी दोन्ही डॉक्टरांना फोन केले. दोघेही चांगले आहेत, दोघांनीही लगेच ऐकलं, एक गोळी बंद झाली.

संध्याकाळी नर्सबेनला फोन लावला. आता त्या मुलीकडे असतात, गोळ्या नियमित घेतात. काकूंची हकिगत सांगायला लागले. साखर किती, दाब किती, काहीच विचारलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "घरमां बीजुं कोण छे? राते कोण सूए छे एमनी पासे?"

रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं. शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं.

त्या खणाबद्दल मी त्यांना याही वेळी काही बोलले नाही. फोन ठेवताना दोनदा तोंडाशी आलं होतं.

मग रावपुऱ्यात जाऊन लाल पुठ्ठ्याची लांबट वही आणली. चोपडी मिळते अजून, दुकानदाराने कुंकवाचं बोट लावूनच दिली. काकूंच्या पलंगाजवळ बसून पहिलं पान लिहिलं: औषधं, डॉक्टर, ऑपरेशनं, पुण्याच्या मुलाचा नंबर, जिन्याच्या पायऱ्या तेवीस. वरती एक ओळ मोकळी सोडलेली काकूंनी पाहिली. "तिथे काय लिहिणार?" मी त्यांना भरतीचं सांगितलं, चिखलात बसलेली होडी, तिथी, सगळं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा सातला घरी येतो. त्याच्याकडे स्कूटर आहे आणि अंगात ताकद आहे, मला उचलू शकेल. साडेनवाला तो परत रात्रपाळीला जातो. त्यानंतर सकाळपर्यंत वाड्यात मी आणि समोरच्या पमाताई, त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या."

मी डोक्यावर लिहिलं, सात ते साडेनऊ.

"आणि गुरुवारी लिहू नकोस," काकू म्हणाल्या, "गुरुवारी तो येत नाही."